डोळा कापला, तरी मादी गाभोळी धरत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

कोळंबीची मादी लवकर पिकावी म्हणून तिचा एक डोळा कापून दोन आठवडे होत आले. रात्री टाकीत बॅटरी मारली तर पाठीतली गाभोळीची (अंडाशयाची) रेघ अजून पुसट, नाहीतर दिसतच नाही. पिल्लांच्या टाक्या भरून तयार, मालकाचे फोन सुरू, आणि मग कुणीतरी जाणकार सुचवतो, "दुसरा पण काढून बघू या का?" हे वाक्य कानावर पडलं की हातातला चिमटा खाली ठेवा आणि हे वाचा.

मी आंध्राच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या हॅचरीत मॅच्युरेशन, म्हणजे माद्या आणि नर पिकवायचं काम, सांभाळतो, व्हनामी आणि टायगर या दोन्ही जातींचं. आपल्या पालघर-रायगड-रत्नागिरीच्या तलावांत जाणारं बरंचसं बीज याच पट्ट्यातून किंवा तमिळनाडूतून येतं, त्यामुळे कोकणातली पोरंही इथे कामाला बरीच. हा बिघाड दर हंगामात येतो आणि बहुतेक वेळा कारण डोळ्यात नसतंच. ते खाण्यात असतं, मोल्टच्या (कवच टाकण्याच्या) तारखेत असतं, उजेडात असतं किंवा नराच्या टाकीत असतं.

लक्षणं आधी वेगळी करा

"मादी पिकत नाही" या एका तक्रारीत सहा वेगळे बिघाड दडलेले असतात. त्यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे.

१. कापून दहा-पंधरा दिवस झाले तरी गाभोळी धरायला सुरुवातच नाही.
२. गाभोळी नाही, पण मादीने कवच टाकलं. काही माद्या लागोपाठ टाकतात.
३. गाभोळी तिसऱ्या टप्प्यापर्यंत भरते आणि दोन-तीन रात्रींत ओसरते. अंडी कुठेच पडलेली नसतात, मादीने ती आतल्या आत जिरवलेली असतात.
४. अंडी पडतात, पण फुटत नाहीत.
५. पहिली एक-दोन स्पॉनिंग (अंडी सोडणं) झकास, मग अंडी आणि त्यांतून निघणारी नॉप्ली पिल्लं दोन्ही घटत जातात.
६. कापल्यावर आठवड्याच्या आत माद्या मरतात.

यातलं सहावं लक्षण असेल तर खालचं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा. चौथं असेल तर मादीला दोष देण्याआधी नर बघा. खरा गोंधळ पहिल्या तीन लक्षणांत होतो. त्यासाठी डोळ्याच्या देठात काय आहे हे एकदा नीट समजून घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या तपासण्या मंत्र म्हटल्यासारख्या पाठ होतात आणि उपयोगी पडत नाहीत.

देठात काय आहे

कोळंबीच्या डोळ्याच्या देठात नजरेच्या यंत्रणेखेरीज चेतासंस्थेचा मोठा भाग असतो. देठाच्या बुडाकडच्या भागाला मेड्युला टर्मिनॅलिस म्हणतात आणि तिथे चेतापेशींचा एक पुंजका असतो, त्याचं नाव एक्स-ऑर्गन. या पेशी न्यूरोपेप्टाइड तयार करतात, म्हणजे चेतापेशीत बनणाऱ्या अमिनो आम्लांच्या साखळ्या. त्या पेशींच्या धाग्यांतून शेजारच्या सायनस ग्रंथीत येतात, तिथे साठतात आणि गरजेप्रमाणे रक्तात सुटतात. रक्तात उतरल्या की त्या हॉर्मोनचं काम करतात.

इथल्या महत्त्वाच्या पेप्टाइडचं घराणं एकच, सीएचएच घराणं. साखळी साधारण ७० ते ८० अमिनो आम्लांची, तिच्यात ठरलेल्या जागी सहा सिस्टीन, आणि त्यांच्या जोड्यांनी बांधलेले तीन बंध. भावंडं दिसायला सारखी, कामं निराळी. स्वतः सीएचएच रक्तातली साखर वाढवतं. एमआयएच मोल्ट रोखून धरतं. जीआयएच, ज्याला काही जण व्हीआयएच म्हणतात, अंड्यातला बलक तयार होणं थांबवतं. आणखी एक भावंड जबड्याजवळच्या मँडिब्युलर ग्रंथीला दाबून ठेवतं. त्या ग्रंथीतून मिथाइल फार्नेसोएट निघतं आणि तेही वाढीशी व प्रजननाशी जोडलेलं आहे.

१९४३ साली पानूझ या फ्रेंच संशोधकाने पॅलिमॉन जातीच्या कोळंबीचे देठ काढले आणि हंगाम नसताना तिची गाभोळी वाढलेली दाखवली. जगभरातल्या पिनिड (व्हनामी-टायगरच्या कुळातल्या) कोळंबीच्या हॅचऱ्यांतलं डोळा कापण्याचं तंत्र त्या निरीक्षणावर उभं आहे. त्या प्रयोगाचं सार एवढंच की देठात प्रजननाला अडवणारं काहीतरी आहे. चालना देणारं नव्हे.

सगळी गोम इथेच आहे. डोळा कापणं म्हणजे गाडीचा हँडब्रेक सोडणं. पुढे गाडी चालवायची तर चालना दुसरीकडून यावी लागते, मेंदूतून आणि छातीतल्या चेतागंडातून. सेरोटोनिन, रंगद्रव्य आकसणारं आठ अमिनो आम्लांचं आरपीसीएच आणि जीएनआरएचसारखी पेप्टाइडं यांनी गाभोळीला चालना मिळते असं वेगवेगळ्या जातींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मादीचं पोषण चांगलं असेल, पाणी तिच्या मनासारखं असेल, तरच ही बाजू कामाला लागते. शिवाय एका कापात एकच ब्रेक सुटत नाही. मोल्टचाही सुटतो आणि साखरेची घडीही बिघडते. कापलेली मादी कधी गाभोळीऐवजी मोल्टकडे वळते, त्याचं कारण हे.

आता तपासण्या. पहिल्या तीन फुकट आहेत. त्या झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

बॅटरी आणि वही

गाभोळी पाठीच्या कवचातून, वरून उजेड टाकून बघतात. दिवसा वरवर बघून "नाही" म्हणू नका. रोज एकाच वेळी, पाण्यात धरता येईल अशा बॅटरीने बघा. पहिल्या टप्प्यात काही दिसत नाही. दुसऱ्यात बारीक रेघ. टायगरमध्ये तिसऱ्या टप्प्याला पोटाच्या पहिल्या खंडात ती रेघ दोन्ही बाजूंना फुगते आणि चौथ्यात तिथे स्पष्ट चौकट उमटते, रंग गडद हिरवट. व्हनामीत अशी चौकट शोधू नका, तिथे नारिंगी-तपकिरी जाड पट्टा बघायचा. टायगरवरून व्हनामीवर आलेला माणूस चौकटीची वाट बघत बसतो आणि पिकलेली मादी टाकीतच अंडी सोडून मोकळी होते. मग वहीत नोंद होते, "पिकत नाही."

उरलेल्या डोळ्याच्या देठावर नंबरचं कडं नसेल तर आजच घाला. कड्याशिवाय "ही मादी" आणि "ती मादी" याला अर्थ नाही. एका टाकीत पन्नास माद्या असतील तर नेहमीच्या दहा-बारा पुन्हा पुन्हा अंडी देतात आणि बाकीच्या नुसत्या खातात, हे वही नसेल तर कधीच कळत नाही. मग टाकीच्या सरासरीवर सगळ्यांना एकच औषध दिलं जातं.

मोल्टची तारीख

दुसरं लक्षण असणाऱ्यांचं उत्तर बहुधा इथेच मिळतं. मादी मोल्टच्या तयारीत असताना डोळा कापला, तर एमआयएच कमी झाल्यामुळे आधी मोल्ट उरकतो, गाभोळी मागे पडते. नुकताच मोल्ट झालेली मऊ मादी कापली तर ती मरण्याचा धोका मोठा. कापायची ती दोन मोल्टच्या मधली, कवच टणक झालेली.

ओळखायचं कसं? शेपटीच्या पंख्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मधल्या काळात त्वचा कवचाला चिकटलेली असते. मोल्ट जवळ आला की त्वचा कवचापासून सुटते आणि कडेला एक स्वच्छ फट दिसते, आत नव्या केसांची मुळं. फट दिसली तर तिला परत टाकीत सोडा आणि मोल्ट होऊन कवच टणक होईपर्यंत थांबा. मालक ओरडला तरी थांबा.

टायगरमध्ये याला दुसरी बाजू आहे. टायगरचं थेलिकम, म्हणजे मादीची शुक्राणू ठेवायची जागा, बंद प्रकारचं. मोल्टनंतर मादी मऊ असताना नर शुक्राणूंची पिशवी आत ठेवतो आणि ती पुढच्या मोल्टपर्यंत राहते. कवच टाकलं की त्या कवचाबरोबर पिशवीही गेली. नंतर नर मिळाला नाही, तर त्या मादीची अंडी पडतील, फुटणार नाहीत. म्हणून सकाळी टाकीत सापडलेलं प्रत्येक रिकामं कवच ज्या नंबरचं असेल, त्या नंबरापुढे वहीत लिहायचं.

उजेड, आवाज, पाणी

एक डोळा गेला तरी दुसरा शाबूत आहे आणि त्या देठात एक्स-ऑर्गनही शाबूत आहे. म्हणजे ब्रेक पूर्ण सुटलेला नसतो, अर्ध्यावर असतो. टाकीवर सारखा उजेड, माणसांची वर्दळ, पंप बदलताना होणारी आदळआपट यांनी ती मादी सतत ताणात राहते. कवचधारी प्राण्यांत ताण आला की सीएचएच वाढतं आणि रक्तातली साखर चढते, हे पुन्हा पुन्हा मोजलं गेलं आहे. कुरुमा कोळंबीच्या गाभोळीच्या तुकड्यांवर या घराण्यातली पेप्टाइडं टाकून पाहिली, तेव्हा बलकाचं प्रथिन बनवण्याचा जनुकीय संदेशही खाली आला. म्हणजे ताण घालवणं हा निव्वळ दयेचा विषय नाही, त्यावर बलक अवलंबून आहे.

मॅच्युरेशनची खोली अंधारी, भिंती गडद, उजेड मंद आणि ठरलेल्या घड्याळावर. माणूस एकच असावा, आणि त्याने पायात काहीतरी न वाजणारं घालावं. पाण्याचं तापमान २७ ते २९ अंश, क्षारता ३० ते ३५, पीएच ८ च्या आसपास. आकडे सगळ्यांना पाठ असतात, बघायचं असतं ते रात्री तीनला काय होतं. दिवसा २८ आणि पहाटे २५ असा झोका असेल तर तापमानाच्या वहीतला दुपारचा सुंदर आकडा काही कामाचा नाही. पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता घसरते, कोकणात जून ते सप्टेंबर हे हमखास होतं, आणि गोदावरीला पूर आला की इथेही. साठवणीचं खारं पाणी नसेल तर त्या महिन्यांत तिसरं लक्षण दिसणारच.

क्लोरीन मारलेलं पाणी नीट उतरलं आहे का, अमोनिया किती, हे किटने दहा मिनिटांत कळतं. उगाच लांबवू नका.

ताटात काय आहे

इथे जरा थांबू, कारण माझ्या मते निम्मी भांडणं इथे मिटतात.

जीआयएच उतरलं की बलकाचं प्रथिन, व्हायटेलोजेनिन, बनायला लागतं. पिनिड कोळंबीत ते गाभोळीतही बनतं आणि हेपॅटोपँक्रियाज या पचनग्रंथीतही. त्यासाठी प्रथिन लागतं, लांब साखळीची असंतृप्त मेदाम्लं लागतात, कोलेस्टेरॉल लागतं, कॅरोटिनॉइड लागतात. डोळा कापल्याने यातलं काहीही मादीच्या पोटात जात नाही. गोळी खाद्यावर वाढवलेली मादी कापली तर ती दोन-तीन रात्री गाभोळी भरते, साठा संपतो, आणि भरलेलं परत जिरवते. तिसरं लक्षण म्हणजे बहुधा हेच.

ताजं खाद्य द्यायचं: माकूल, तिसऱ्या किंवा काकई, पॉलिकीट किडे, आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कवचधारी प्राण्याचा मोठा माल. ओल्या वजनावर दिवसाला मादीच्या वजनाच्या २० ते ३० टक्के, चार-सहा वेळा वाटून. पॉलिकीट महाग म्हणून पहिली काटछाट तिथेच होते, आणि मग गाभोळीला लागणारं अॅराकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल कुठून येणार? माकूल भरपूर देऊन ती कसर भरून निघत नाही.

माकूल फ्रीझरमधून काढून हाताने मोडून बघा. कडेला पिवळट झाली असेल, तेलाचा खवट वास येत असेल, तर ती किती स्वस्त पडली हे मला सांगू नका, फेकून द्या. खवट मेद मादीला उपाशीपोटी ठेवण्यापेक्षा वाईट. बर्फ जमलेल्या ठोकळ्यावर "तारीख" म्हणून व्यापाऱ्याने लिहिलेली असते ती पॅक केल्याची, पकडल्याची नाही.

जिवंत पॉलिकीट हा दुसरा धोका. किनाऱ्यावरच्या चिखलातून खणून आणलेले किडे पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आणि ईएचपी हा सूक्ष्म परजीवी दोन्ही आत आणू शकतात. विषाणूमुक्त मादीला परदेशातून विमानाने आणायचं, चेन्नईच्या क्वारंटाइनमधून सोडवायचं, आणि मग तिला खाडीचे किडे खायला घालायचे, हा प्रकार मी बघितला आहे. पीसीआर (रोगजंतूंची जनुकीय तपासणी) केलेलेच किडे घ्या. गोठवल्याने सगळं मरतं या भरवशावर राहू नका, पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू गोठवलेल्या मालात टिकतो.

खाद्य सुधारून परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणू नका.

नराकडे बघा

चौथ्या लक्षणाचं मूळ इथे. व्हनामीचं थेलिकम उघडं. पिकलेली मादी कवच टणक असतानाच, अंडी सोडण्याच्या काही तास आधी, जुगते आणि शुक्राणूंची पिशवी पोटाच्या बाजूला बाहेर चिकटलेली दिसते. संध्याकाळी पिकलेल्या माद्या नरांच्या टाकीत सोडायच्या, रात्री एकेक उचलून पोटाखाली बघायचं, आणि पिशवी असलेलीच स्पॉनिंग टाकीत न्यायची. घाईत न बघता सगळ्या उचलल्या की नुसतं अंड्यांचं पाणी होतं. ३५-४० ग्रॅमची व्हनामी एका वेळी एक ते अडीच लाख अंडी देते, ती २८ अंशाला साधारण सोळा तासांत फुटायला हवीत. न फळलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतात: पेशींची एकसारखी विभागणी दिसत नाही, आतला माल विस्कटलेला असतो.

नराच्या पाचव्या चालण्याच्या पायाच्या बुडाशी पिशवीची जागा असते. ती पांढरी, भरीव हवी. तपकिरी किंवा काळी पडली असेल तर तो नर बाजूला. पाणी जास्त तापलं, नर म्हातारे झाले, किंवा पिशवी दाबून काढताना इजा झाली की असं होतं. नराचाही एक पेप्टाइड-कारभार आहे. याच जागेजवळच्या अँड्रोजेनिक ग्रंथीतून इन्शुलिनसारखं पेप्टाइड निघतं आणि नराचं नरपण त्यावर चालतं. इस्रायलमध्ये अमीर सागी यांच्या गटाने जंबो कोळंबीत हे पेप्टाइड दाबून नराची मादी करून दाखवली. या ग्रंथीलाही देठातून लगाम असतो, म्हणून काही जण नराचाही डोळा कापतात. मी कापत नाही. चांगलं खाद्य आणि थोडं थंड पाणी नराला पुरतं.

जंबोचं नाव निघालंच आहे तर: गोड्या पाण्यातली जंबो मादी टाकीत आपोआप अंडी धरते आणि पोटाखाली बाळगते. तिचा डोळा कापायचं काही कारण नाही.

कापच चुकला का

आता कुठे कापाकडे वळायचं. पद्धती चार: तापवलेल्या चिमट्याने देठ दाबून जाळणं, दोऱ्याने आवळणं, कात्रीने कापणं, आणि डोळ्याला चीर देऊन आतला गर पिळून काढणं. चौथ्या पद्धतीत घोळ होतो. नवखा माणूस डोळ्याचा टोकाकडचा काळा भाग पिळतो, पण एक्स-ऑर्गन असतं देठाच्या बुडाकडे. ग्रंथी आत राहते, मादी एका डोळ्याने आंधळी होते, आणि जीआयएच चालूच. जखम भरल्यावर त्या बाजूचा देठ बघा. तो भरीव आणि लांब उरला असेल तर शंका घ्या.

तरीही पुन्हा त्याच मादीवर चिमटा चालवू नका. पुढच्या खेपेला देठ बुडाजवळ दाबा, चिमटा लालभडक नको, नुसता चांगला तापलेला हवा, आणि सगळं पाण्यात धरून काही सेकंदांत उरकलं पाहिजे.

आणि दुसरा डोळा? नाही. दोन्ही देठ काढले की चारही लगाम एकदम जातात. साखर कोसळते, मोल्टवर ताबा राहत नाही, मादी टाकीत गोल गोल पोहते, खाणं सोडते आणि बहुधा मरते. प्रयोगशाळेत दोन्ही देठ काढतात ते पेप्टाइडचा अभ्यास करायला, बीज काढायला नव्हे.

बाटली घेऊ का?

"गाभोळीचं हॉर्मोन" म्हणून बाटल्या विकायला येतात. बाटलीवर पेप्टाइडचं नाव नसतं, मात्रा नसते. सेरोटोनिनचे प्रयोग प्रसिद्ध झालेले आहेत. थायलंडमध्ये टायगरच्या माद्यांना दुहेरी धाग्याचा आरएनए टोचून जीआयएचचा संदेश दाबला आणि डोळा न कापता गाभोळी भरली, हेही झालेलं आहे. मला त्या दिशेबद्दल आशा आहे, पण त्या कामात मात्रा मोजलेली होती, मादीचं वजन मोजलेलं होतं. विक्रेत्याच्या बाटलीत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. लॅटिन अमेरिकेतल्या काही व्हनामी हॅचऱ्या तर डोळा न कापताच काम चालवतात: निवडलेलं वाण, जास्त माद्या, चांगलं खाद्य. हातात पैसे असतील तर बाटलीऐवजी तिकडे घाला.

कोकणातून एक प्रश्न नेहमी येतो, कालवं आणि तिसऱ्यांना असं काही करता येतं का. मृदुकाय प्राण्यांत चित्र बरंचसं उलटं आहे. तिथे सगळ्यात चांगली माहीत असलेली पेप्टाइडं ब्रेकची नसून चालना देणारी आहेत. समुद्री ससा म्हणतात त्या अॅप्लिसियात पोटाकडच्या चेतागंडाजवळच्या पेशींच्या झुबक्यांतून ३६ अमिनो आम्लांचं ईएलएच सुटतं आणि प्राणी अंड्यांची माळ घालायला लागतो. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायीत तेच काम मेंदूतल्या कॉडोडॉर्सल पेशींचं ३६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड करतं, आणि नराची बाजू सांभाळायला एपीजीडब्ल्यू-अमाइड हे चारच अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे. पण लक्षात घ्या, ही चालना पिकलेलं बाहेर काढते, कच्चं पिकवत नाही. कालवांना गरम पाण्याचा झटका किंवा सेरोटोनिन देऊन अंडी-शुक्राणू सोडायला लावतात तेव्हाही आतला माल आधीच पिकलेला लागतो. कच्च्या कालवाला कितीही झटके द्या, पाणी गढूळ व्हायचं नाही.

वय, वाण, आणि किती वेळा

पाचवं लक्षण बिघाड नाहीच, ती झीज आहे. कापलेली मादी एका मोल्टच्या काळात तीन-चार दिवसांच्या अंतराने अंडी देऊ शकते, आणि प्रत्येक खेपेला साठ्यातून काढत जाते. संख्या किंवा फुटण्याचं प्रमाण सलग दोन खेपांना उतरलं की तिला निवृत्त करा. टायगरची मादी १०० ग्रॅमच्या आसपास, व्हनामीची निदान ३५-४० ग्रॅमची नसेल तर मुळात कापायलाच नको होती. तलावातून उचललेल्या माद्यांना ब्रूडर (बीजासाठीचे नर-माद्या) म्हणून विकणारे लोक आहेत. स्वस्त पडतात. व्हनामीसाठी तर ते नियमातही बसत नाही, २००९ पासून आपल्याकडे नोंदणीकृत हॅचरी आणि तपासलेले ब्रूडर हीच अट आहे.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर घरगुती उपाय बंद, आणि जाणकाराला बोलवा:

कापल्यावर माद्या ओळीने मरत आहेत, किंवा डोक्याच्या कवचावर आतून पांढरे ठिपके दिसतात.

न कापलेल्या माद्या आणि नरही सुस्त आहेत, खाणं सोडलं आहे. मग प्रश्न प्रजननाचा नाही.

वेगवेगळ्या दिवशी कापलेल्या सगळ्या टाक्या एकाच आठवड्यात बसल्या. पाण्यात काहीतरी आलं आहे, धातू किंवा कीटकनाशक. ते किटवर दिसणार नाही.

जखम काळी पडून पसरत चालली आहे, किंवा अंधारात मादी चमकते. व्हिब्रिओ जिवाणूचा संशय. अँटिबायोटिक टाकू नका. हॅचरीत बंदी असलेलं औषध वापरलं तर नोंदणी जाते, आणि वर पुढचा जिवाणू औषधाला दाद देत नाही.

वरच्या सगळ्या तपासण्या नीट होऊन, खाद्य बदलून तीन आठवडे गेले आणि तरीही कड्यांच्या वहीत एकही नंबर तिसऱ्या टप्प्यावर नाही. आता गाभोळीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागेल, आणि ते टाकीच्या काठावर होत नाही.

चेन्नईची सीबा (केंद्रीय खारजल मत्स्यपालन संस्था), तिचं गुजरातमधलं नवसारीचं केंद्र, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, यांपैकी जे जवळ पडेल तिथे आधी फोन करा आणि नमुना कसा हवा ते विचारा. साधारणपणे पीसीआरसाठी पोहण्याच्या पायांचे तुकडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये मागतात आणि छेदासाठी मादी जिवंत असतानाच डेव्हिडसन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात घालावी लागते. मेलेली, बर्फात ठेवलेली मादी छेदाला निरुपयोगी, तिच्या हेपॅटोपँक्रियाजचं आतून पाणी झालेलं असतं. नमुन्याबरोबर कड्यांची वही, रात्रीच्या तापमानाच्या नोंदी आणि माकुलीचा एक तुकडा न्या. निकाल येईपर्यंत त्या टाकीचं जाळं, बादली आणि पाइप दुसऱ्या टाकीला लावू नका, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा निकाल आला तर ती टाकी वाचवायच्या भानगडीत न पडता माल नष्ट करून पाणी क्लोरीन मारूनच सोडा.